डोंगराची साक्ष

दाखल्याच्या रांगेत बसून कागदमिलचे निवृत्त बाबू निरंजन आपलाच लेख पुन्हा वाचत होते : ‘आदिवासींची संविधानात वेगळी ओळख कशाला? इथं सगळेच मूळचे.’

शेजारी मन्साराम कोरकू रांगेतल्याच मालूबाईला सांगत होता.

“जातीच्या दाखल्याला सन पन्नासच्या आधीपासून इथलाच, याचा पुरावा मागते साहेब.”

“बाबा, तुमचे लोक तर गावाच्याही आधीचे!”

“डोंगराची साक्ष चालत नाही म्हणे. शिकेल माणसाची पाहिजे.”

“हे भाऊ आहेत ना! भाऊ, तुम्ही कुठले?”

“आम्ही मूळचे जळगावचे. वडील अठ्ठेचाळीसला आले. स्टेशनवरून मिलची वाट यांच्याच लोकांनी दाखवली.”

“मग तेच लिहून द्या. कागद आहे?”

निरंजननी लेख उलटा केला.

“आहे. एक बाजू वाया गेलीय, पाठ कोरी आहे.”