निसिनची पाच कडी

...आणि वर लोक सासूबाईंनाच विचारतात, "धुरपदाबाई, सून मुकी आणली का?" आता मुळात मी बोलते कमी, हे खरं, पण बोलू कधी देता का कुणी? तुम्हाला सांगते, मी एम.एस्सी. केलं निसिनवर. निसिन म्हणजे दुधातल्या एका जंतूनं बनवलेलं औषध, जे दुसऱ्या जंतूंना मारतं, म्हणून चीज टिकतं. केवढी सुंदर गोष्ट! आणि आमच्या या अख्ख्या वस्तीत, गोडादऱ्यात, बातमी काय? "धुरपदाबाईची सून जंतू पाळस!" शेजारच्या भागीरथीमावशींनी आमच्याकडचा चहा सोडला हो!

त्यात कडोदऱ्याच्या कारखान्यातून लॅबच्या नोकरीचा फोन. उद्यापर्यंत कळवा म्हणे. गजेंद्र, म्हणजे आमचे हे, म्हणाले, "आई हो म्हणाली, की माझं हो." आणि आई? "जंतूसले हात लाईसन भाकरी टाकशी?"

मी मुळात बोलते कमी. पण निसिनचा अपमान? उठले, परकराची नाडी घेतली, तीत लग्नाच्या पाच बांगड्या गाठी मारून अडकवल्या, आणि भागीरथीमावशींसकट सगळ्यांना समोर बसवलं. "हे बघा निसिन. पुढची दोन कडी जंतूला पकडतात, मागची शेपटी आत घुसून भोक पाडते, आणि मधली ही मान... ही वाकली पाहिजे, नाहीतर शेपटी घुसणार कशी? सगळी करामत या घडणीची! यातलं पहिलं कडं नुसतं उघडलं ना, तर..."

आणि भरात मी ते पाट्यावर आपटलं. खळ्ळकन!

नव्या नवरीची बांगडी! "अगं बाई, फुटली!" मावशी किंचाळल्या. "फुटनी नही, वाढनी म्हनो!" सासूबाई ओरडल्या. गजेंद्र स्वतःच्या छातीवर हात ठेवून ठोके बघतायत... मी मनात म्हटलं, गेली नोकरी!

सासूबाईंनी नाडी उचलली. उरलेली कडी बोटानं एकेक मोजली. मग म्हणाल्या, "म्हणजे नाडी तीच, बाकीनी कडी तीच... तरी जंतू सुटना?"

"सुटला, आई!"

काय सांगू, इतका अभिमान वाटला... माझाच! डिग्री घेताना नव्हता वाटला एवढा.

"आनि मान वाकाले पाहिजे ना? दख, निसिनलेबी वाकनं पडस!" हा टोमणा मारून झाला, मग म्हणाल्या, "जाय, कर नोकरी."

आता गल्लीभर मिरवतायत, "मन्ही सून जंतूसले भोक पाडस!" भागीरथीमावशी चहाला येतात, वर नासलेलं दूध दाखवायला आणतात. आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी सासूबाईंनी स्वतः कासाराकडे नेऊन कोपरापर्यंत हिरवा चुडा भरला. "एकबी कडं कमी पडाले नको!"

लॅबच्या दारावरच पाटी होती : आत बांगड्या घालण्यास मनाई.

साबण लावून एकेक उतरवली, डब्याच्या पिशवीत ठेवली. संध्याकाळी घरी जाताना परत चढवते. रोज. सांगायला पाहिजे घरी, कळतं मला... पण मी मुळात बोलते कमी.