आईचा आवाज आणि चार पदरी केबल

...आणि वर मलाच विचारतात, "त्यात काय आहे?" अहो, काय आहे म्हणजे? ही बोटं बघा! तीन बोटांना पट्ट्या! तुम्हाला सांगतो, आमच्या ऑफिसात एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही सर्वज्ञ म्हणतो. मी नुसतं म्हटलं, घरचे स्पीकर खरखरतात. बाबा रोज संध्याकाळी आईची जुनी कॅसेट लावतात, आई जाऊन सहा वर्षं झाली, तेवढाच तिचा आवाज उरलाय, आणि हल्ली मधेच खर्रर्र... की बाबा उठून आत! मग जेवतसुद्धा नाहीत धड. झालं! सर्वज्ञ म्हणाले, "केबल गेली. घरीच कर. वायरींची वेणी घालायची, टोकं सोलायची, लावायची. त्यात काय आहे!"

वेणी? मी? बायकोकडे गेलो. म्हणते कशी, "लेकीच्या शाळेची दहा वर्षं वेण्या मी घातल्या, तेव्हा कुठे होतात?" मग चार वायरी खिडकीच्या गजाला बांधल्या, मी ओढतोय, ती ओरडतेय, "अहो, सैल धरा, सैल! गळा आवळताय का कुणाचा?" आणि वेणी घातली की वायर आखडते, हे सर्वज्ञांनी सांगितलं होतं? नाही! केबल हातभर तोकडी! मग कपाट सरकवा, सोफा सरकवा, सोफ्यासकट बायकोचा राग सरकवा... त्यात काय आहे!

मग टोकं सोलली. वायरीची थोडी, माझी जास्त. एकदाची जोडली, बाबांना बोलावलं, कॅसेट सुरू... खरखर नाही! पण आई कशी? हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखी! बाबांचा चेहरा उतरला. "ही नव्हे रे ती," म्हणाले, आणि निघाले की! सर्वज्ञांना फोन. "एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी उलट्या जोडल्यास. बदल. त्यात काय—" ठेवला फोन! पोटावर सरपटत कपाटामागे गेलो, धूळ काय, शिंका काय, बाबा दारात पाठमोरे... बदललं.

आणि आई आली हो! अगदी समोर, सोफ्यावर बसल्यासारखी. बाबा वळले. मी काही बोलणार तेवढ्यात हात वर केला, "थांब. पुढचं ऐक. चार महिने इथवर पोचलोच नाही मी, खरखर झाली की उठायचो." बाबांचे डोळे भरून आलेले... आणि आई कडाडली, "अहो, त्या कार्ट्याला आधी वायरीपासून लांब न्या! मोडल्याशिवाय राहायचा नाही तो!"

बाबा डोळे पुसत खो खो हसले. मागे नेऊन पुन्हा लावलं. मग बायकोला ऐकवलं. मग लेकीला. आता बाबा पोटभर जेवतात, घर खूश आहे, आणि मी, चाळिशी उलटलेला माणूस, रोज साडेसहाला सगळ्यांसमोर आईची बोलणी खातो. तीही दोन्ही कानांनी!