केळीच्या सालीला टाका

हॅलो? अम्मा? हां, मीच, कयल! अगं ऐक, आधी एक विचारते, चिडू नकोस. माझ्या मैत्रिणीनं, तामरैनं, पैज लावलीय, मी विचारायला घाबरेन म्हणून… तू अप्पांना सोडून कोईमतूरला पळून गेलीस का?

…नाही ना? आणि विचारलं की नाही मी? तामरै हरली! तिची आई सांगत फिरते, चाळिशीची डॉक्टरीण पुन्हा कसलं शिकायला जाते, नवऱ्याशी बिनसलं असणार…

अम्मा? …रडतेस तू?

नाही गं, गावात कुणी नाही बोलत तसं. म्हणजे… तामरैची आईच. तिचं काय मनावर घेतेस! …थांब, मागे हॉर्न कसले वाजतायत? …सिंगानल्लूरच्या बसस्थानकावर? बॅग घेऊन?

अगं, सोमवारी परीक्षा आहे ना तुझी! …हो, दोनदा नापास झालीस, ठाऊक आहे. आता झालीस तर काढून टाकतील, तेही ठाऊक आहे. म्हणून न देताच घरी यायचं? एवढ्याशा पित्ताशयासाठी बायकांची पोटं वीतभर फाडायची, मग महिनाभर त्यांना घागर उचलता येत नाही, असं कोण म्हणायचं? दुर्बिणीतून ऑपरेशन करायला शिकूनच येते, असं कोण म्हणालं होतं?

…हात थरथरतो? कधी? …गाठ मारताना. हं. आणि तिथे सरावाच्या खोक्यात कॅमेरा कोण धरतं? …स्टँड? नुसता स्टँड?

अम्मा! सुट्टीत बुटांच्या खोक्याला भोकं पाडून केळीच्या सालीला टाके घालत होतीस, आठवतं? आत मोबाईल धरून कोण बसलं होतं? मी! तू श्वास रोखून धरलास की मी काय ओरडायचे? …हां! 'अम्मा, श्वास!' आणि गाठ बसायची. बसायची की नाही? …हो, आणि सोललेली केळी बिचारे अप्पा आठवडाभर खात होते.

स्टँड ओरडतो का असा?

…चढू नकोस! माझी शपथ आहे. कंडक्टरकडे दे फोन. दे ना! …हॅलो, अण्णा? हा फोन ज्यांनी दिला ना, त्यांना गाडीत घेऊ नका. …नाही हो, चोर कसली, आई आहे माझी! …छे, घरातून नाही पळाली… कॉलेजातून पळतेय!

…अम्मा? शिट्टी वाजली ती तुझ्याच गाडीची? तू आत की बाहेर? अम्मा, बोल ना! …अम्मा!

…बाहेर? गेली गाडी? …नक्की?

हुश्श. रडू नकोस. श्वास घे. …अप्पा, या इकडे, स्पीकरवर टाकलाय. दोघंही ऐका. उद्याची व्हॉलीबॉलची मॅच मी खेळत नाही. …हो अप्पा, कॅप्टन आहे म्हणूनच ठरवतेय! तामरै होईल कॅप्टन, पैज हरलीय बिचारी. सोमवारी परीक्षेला मला आत सोडणार नाहीत, पण तोवर माझं ओरडणं अम्माच्या कानात पक्कं बसेल. विचारत नाहीये मी, सांगतेय. पहिल्या गाडीनं केळी घेऊन निघतेय. अम्मा, तू खोकं तयार ठेव.