वळणावरची बाळंतीण

या निरोपाच्या सोहळ्याचे अध्यक्ष, आपल्या मुरमाडवाडीचे माजी आणि बहुतेक भावी सरपंच, माननीय मोहनराव. आजचे सत्कारमूर्ती, अठ्ठावीस वर्षं यष्टीचं चाक हातात धरून आज सकाळच्या फेरीला ते सोडून दिलेले चालक, आदरणीय हनुमानराव तांदळे, म्हणजे आपले सगळ्यांचे हनुमानमामा. त्यांच्या गाडीच्या वाहक करिष्माताई. व्यासपीठावर खुर्ची दिली तरी खाली सतरंजीवरच बसलेल्या छबुबाई आजी. केजहून आलेले मामांचे सोबती. उद्यापासून आपल्या गावाला गाडी आणणारे नवे चालकसाहेब, जे तिसऱ्या रांगेत बसलेत आणि ज्यांनी आज कान देऊन ऐकायचंय. आणि जेवण झाल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवून आलेल्या माझ्या गावकरी बंधूभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिलीत. मी कुठं पाच मिनिटं टिकत नाही हे गावाला ठाऊक आहे, म्हणून दिली असावीत. मी अजिनाथ, आपल्या चिमणचारा मंडळाचा चिटणीस. चिटणीस मीच कावून? तर मंडळ निघालं त्या दिवशी गावात कामाला न गेलेला मी एकटाच होतो.

मंडळाचं काम आपण जाणताच. पाडवा झाला की झाडाझाडाला पाण्याची परळं टांगायची, आणि चैत्रातल्या दर रविवारी शाळेची पोरं घेऊन पाखरं मोजायची. मोजणीची वही माझ्याकडं असते. तिच्यात मागच्या साली सात बगळे लिहिलेत. त्यातले दोन बगळे म्हणजे बाभळीला अडकलेल्या पिशव्या होत्या, हे पोरांनी नंतर दाखवून दिलं. असो. पाखराच्या मागं लागलं की माणूस कुठल्या कुठं जातो. एकदा मी एका नीळकंठाच्या मागं निघालो आणि पार कपिलधारला गेलतो. तिथं धबधब्याखाली एक जण भेटला, तो म्हणाला, आमच्या गावात मोराला…

करिष्माताई मनगटावरचं घड्याळ दाखवतायत. बरोबर आहे. गाडी वेळेवर सोडायची त्यांची सवय. मामांकडं येतो.

नवे चालकसाहेब, तुमच्यासाठी थोडं सांगावं लागेल. आमचं गाव म्हणजे रस्त्याचा शेवट. पुढं डोंगर. शेवटच्या थांब्यापुढं मुरमाचं मोकळं रान आहे, तिथं गाडी गोल फिरते आणि आल्या वाटेनं परत जाते. सकाळी नऊला एकदा, संध्याकाळी साडेपाचला एकदा. त्याच रानावर चैत्रात आमचे अध्यक्ष क्रिकेटचा ‘मोहनराव चषक’ भरवतात. चषकाच्या आधी रोलर फिरतो. आणि टिटवीला अंडी घालायला मुरमाचं मोकळं रान लागतं. आता मला सांगा, एकाच रानावर गाडी, चषक आणि टिटवी, तिघांनी हक्क सांगितला तर निकाल कुणी द्यायचा?

आमच्या गावात तो छबुबाई आजी देतात. टिटवीनं अंडी घातली की गाव आजींना बोलावतं. आजी लांबून, टिटवीची ओरड खात, अंडी मोजतात. जितकी अंडी तितके महिने पाऊस. हवामानाचा अंदाज मोबाईलवर येतो, पण त्यावर भरवसा ठेवून आमच्यात कुणी बियाणं आणत नाही.

मागच्या साली पाडव्यानंतर चार दिवसांनी, गाडीची चाकं जो गोल काढतात त्या गोलाच्या ऐन मधोमध टिटवी बसली. आम्ही वाट बघितली. आणखी चार दिवस गेले. बाई दोनावरच अडलेली. आजी आल्या, बघितलं, पदर सावरला आणि म्हणाल्या, “दोनच हायेत.”

एवढं म्हणून त्या निघून गेल्या. पण गावाचं तोंड उतरलं. दोन महिन्यांच्या पावसात काय होतंय? पारावर त्या टिटवीला जे जे बोललं गेलं ते मी या व्यासपीठावरून सांगू शकत नाही. आणि अध्यक्षमहोदय, राग मानू नका, पण आपण त्या दिवशी म्हणालात, “असल्या अवदसेला गावात ठेवायचंच कावून? उद्या सकाळच्याला रोलर फिरवा. अंडी बी न्हाईत अन् अपशकुन बी न्हाई.”

मला मात्र ती दोन अंडी डोळ्यापुढून हलेनात. वहीत मी त्या रानात पहिल्यांदाच ‘घरटं – एक’ असं लिहिलं होतं. इतक्या दिवसांत माझ्या वहीतली ती एकच नोंद पिशवी निघाली नव्हती.

मित्रहो, आता जे सांगतो ते मंडळाच्या इतिवृत्तात नाही.

त्याच दिवशी भर दुपारी, सगळं गाव झोपलेलं असताना, मी काळ्या मातीचं एक अंडं वळलं. मावशीच्या डबीतल्या काजळाचे ठिपके दिले. दोन वळली होती, पण दुसरं हातातच फुटलं. रानात गेलो. टिटवीनं माझ्या डोक्यात अशा टपल्या दिल्या की नववीत गुरुजींनी दिल्या नसतील. तशा मारातही अंडं ठेवलं आणि पळालो. दोनाची तीन झाली. म्हटलं, तीन महिने पाऊस म्हटल्यावर गाव थोडं तरी नरमेल.

संध्याकाळी साडेपाचची गाडी आली आणि गेली. त्यानंतर मी आजींना म्हणालो, “आजी, पुन्हा एकदा बघा की, वाढलीत वाटतं.” आजी गेल्या. लई वेळ बघत राहिल्या. मग वळून म्हणाल्या, “चार हायेत.”

चार! मी ठेवलेलं एक. मग चौथं? मला वाटलं, टिटवीनंच माझी लाज राखली.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. चार महिन्यांच्या पावसावरनं रोलर फिरवायची कुणाची छाती? सगळ्यांत आधी नारळ फोडला तो अध्यक्षांनी. घरट्याभोवती चुन्याचा गोल मारला. आणि मोठ्या मनानं, मी पुन्हा सांगतो, मोठ्या मनानं, चषक तळ्याच्या कोरड्या पेट्यात हलवला. तिथं जमिनीच्या भेगेत चेंडू गेला की चौका धरायचा असा नवा नियमही त्यांनीच केला. त्यांच्याच संघाचे एका डावात एकोणीस चौके झाले, हा योगायोग.

पण गाडीचं काय? गोल फिरायला जागा उरली नव्हती. गाडी फाट्यावरूनच परत न्यायची म्हटलं तर म्हाताऱ्याकोताऱ्यांनी दीड कोस उन्हात चालायचं. मामा खाली उतरले. चुन्याचा गोल बघितला. टोपी काढून डोकं खाजवलं. आणि दुसऱ्या दिवसापासून मामांनी शाळेपाशीच गाडीचं तोंड वळवलं आणि तिथून थांब्यापर्यंत गाडी उलटी आणली. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. सव्वीस दिवस. रोज दोन फेऱ्या.

करिष्माताई खाली उतरून शिट्टी वाजवायच्या. शाळेची पोरं दोन्ही बाजूंनी पळायची आणि ओरडायची, “येऊ द्या मामा, येऊ द्या, बास!” पाखरं मोजायला पंधरा पोरं यायची, गाडी मागं घ्यायला सत्तर. माझ्या आजोळची एक म्हातारी तर म्हणाली, “तुमच्या गावाला यष्टी लाजत येती गं बया, पाठमोरी.”

यात रोज सात मिनिटं उशीर व्हायचा. उशिराचं कारण लिहून द्यावं लागतं. मामांच्या निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं. सत्तावीस वर्षांच्या कोऱ्या कागदावर डाग लागला असता. आणि कारण काय लिहायचं? टिटवी? तेव्हा मामांनी लिहिलं, ‘वळणावर बाळंतीण असल्याने गाडी उलटी घेतली.’ खोटं होतं का? तुम्हीच सांगा. आठ दिवसांनी वरून मोठ्या काळजीनं विचारणा आली, बाळंतीण कशी आहे? मामांनी कळवलं, ‘तब्येत ठीक. फार ओरडते.’

सव्विसाव्या दिवशी पिल्लं निघाली. काडेपेटीच्या काड्यांसारखे पाय, आणि निघाल्या दिवशीच पळायला लागली. दोन. गाव उरलेल्या दोघांची वाट बघत बसलं. टिटवी पिल्लं घेऊन कधीच गेली होती. आजींनी जवळ जाऊन बघायच्या आत मी उरलेली दोन अंडी उचलून खिशात घातली. “मंडळाच्या अभ्यासाला हवीत,” म्हणालो. घरी खिसा उलटा केला तर माझं अंडं भुगा झालेलं. दुसरं मात्र शाबूत. नदीतला गुळगुळीत गोटा. त्यावर काळे ठिपके, माझ्यापेक्षा कितीतरी सुबक. बोट फिरवलं, बोट काळं झालं. वास घेतला.

ग्रीस.

दुसऱ्या दिवशी मी गाडीच्या खिडकीपाशी गेलो. म्हटलं, “मामा, चौथं अंडं कुणाचं हो?” मामांनी समोर रस्त्याकडं बघितलं आणि म्हणाले, “करिष्मा, बेल दे.” टिंग टिंग. गाडी गेली.

म्हणजे सकाळच्या फेरीला उतारूंच्या तोंडून रोलरची गोष्ट त्यांच्या कानावर गेली असणार, आणि संध्याकाळी दहा मिनिटांच्या थांब्यात… पण मी कशाला अंदाज करू? सत्कारमूर्ती समोर बसलेत.

पाऊस किती पडला म्हणाल, तर मृगात आला, मधे दडी मारली, पोळ्याला झोडपलं आणि नको तेव्हा दिवाळीत परत आला. दोन म्हणणाऱ्यांचे दोन भरले, चार म्हणणाऱ्यांचे चार.

काल मी आजींकडं गेलो. त्यांच्यासमोर व्यासपीठावरून असलं बोलायचं तर आधी पायावर डोकं ठेवलेलं बरं. सगळं सांगितलं. आजी लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, “म्हाईत हाय की. एक मातीचं व्हतं, एक दगडाचं. डोळं गेल्यात व्हय माझं?”

“मग आजी, चार कावून म्हणालात?”

“मला मोजाय सांगितलं व्हतं. फोडून बघ म्हणून कुणी सांगितलं?”

आता कामाचं बोलतो. टिटवी या साली परत आलीय. त्याच रानात, त्याच गोलात. मामांनी आज सकाळची शेवटची फेरीसुद्धा उलटीच आणली, हे आपण पाहिलं. रविवारी चषक आहे, फलक लागलेत, आणि रोलर शाळेमागं येऊन उभा आहे. अंडी किती? सकाळी पोरांबरोबर बघून आलो. दोन.

या खेपेला मी माती वळणार नाही. मी सुधारलो असं कृपया समजू नका. पण पोरं आता रोज फोटो काढून ठेवतात, त्यांच्यापुढं माझं काजळ टिकायचं नाही. शिवाय मामा उद्यापासून नाहीत, म्हणजे दगडही नाही. राहिलं ते खरंच. म्हणून अध्यक्षमहोदय, भर सभेत हात जोडून मागतो. दोन तर दोन. मागच्या साली आपण चौघांना जागा दिली, त्यातले दोघे आमचे होते. या साली दोघांनाच द्या. रोलर सव्वीस दिवस उभा राहू द्या. तळ्याच्या पेट्यात भेगा यंदाही चांगल्या पडल्यात.

अध्यक्ष मान हलवतायत. हा होकार की मान अवघडली, हे सभेनं टाळ्या वाजवून ठरवावं… झालं. आता नाही म्हणायची सोय राहिली नाही. आणि नवे चालकसाहेब, तुम्ही हसताय, पण उद्या सकाळी नऊला सत्तर पोरं शाळेपाशी उभी असतील. शिट्टी करिष्माताईंकडं आहे.

मामा, शाल-श्रीफळ अध्यक्ष देतीलच. मंडळाकडं द्यायला काही नाही. फक्त तुमची एक वस्तू वर्षभर माझ्या खिशात राहिली, ती परत करतो. हा घ्या. सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवा.

काय म्हणालात? जरा माईकपाशी… मामा म्हणतायत, “ठिपकं अजून तसंच हायेत.” आणि… “ग्रीसचं हाय बे, टिकणारच.”

झाली ना कबुली? करिष्माताई, आता बेल देऊ नका!

मामांना मंडळाच्या, गावाच्या आणि वळणावरच्या बाळंतिणीच्या वतीनं उदंड आयुष्य लाभो. आपण माझं ऐकून घेतलंत, पाच मिनिटांची वीस होऊ दिलीत, त्याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान द्यायचा राहिला असेल, कुणाचं बिंग फुटलं असेल, किंवा अंड्यांच्या मोजणीत काही कमीजास्त झालं असेल, तर लेकराचं समजून पोटात घाला. नमस्कार.