दाराला कडी आणि आगटीवर पारा

आमी झारेकरी. सोनारांच्या दुकानातला केर धुवायचा आन् त्यात सांडलेलं सोनं काढायचं, हाच पिढीजात धंदा. मूळ गाव घाटावर, पर माझा जल्म चिंचपोकळीचा, आन् मला दिली गिरगावात, हितं बी तेच, केर, पानी आन् पारा.

काय सांगू तुमाला बाई, केर धुतला का खाली जड माती ऱ्हाते, तीत पारा घालून हातानं मळायचं, कनीक मळत्यात तसं, पारा सोन्याला धरतो. मग गोळा आगटीवर ठेवायचा. पारा उडून जातो, सोनं ऱ्हातं. उडून कुटं जातो, त्ये कुनी इचारलंच न्हाई. आन् आमच्यात रीत अशी का तवा दार लावायचं, फटीत चिंध्या कोंबायच्या. आत्याबाई, म्हंजी माझी सासू, म्हनायची, वारं आलं तर धुराबरूबर सोनं निगून जातं. ती सोता दाराला पाठ लावून बसायची.

आमच्या ह्यांचे हात कापायला लागले व्हते. तांब्या तोंडाला नेईस्तवर निम्मं पानी अंगावर. तरनाताठा मानूस, पर दात हालत व्हते, भाकरी कुस्करून खायचा. आत्याबाई म्हनायची नजर लागली. आमी मोरीत सोडलेलं पानी पिऊन शेजारनीच्या कोंबड्या मेल्या, ती भांडाया आली, म्हनली तुमचं बी असंच व्हईल. मला लई राग आला, पर भ्या बी वाटलं, कारन मला दिवस गेले व्हते आन् आदीचं पोटातच गेलेलं.

त्या दिसी गोळा चढला, कडी लागली. तोंडात तांब्याच्या भांड्यातल्या ताकावानी चव आली. पोटातलं सकाळधरनं हालंना. मी म्हनले, आत्याबाई, दार उघडा. ती म्हनली, गप बस, आता पारा सरंल. ह्ये खाली मान घालून फुंकनी फुंकत ऱ्हायले, हात थडथड. मी उठले, दाराशी गेले. ती म्हनली, माझ्या अंगावरनं जा. तिला वाईट तरी कसं म्हनू, तिनं बी लई पोरं पुरलेली, ह्ये एकलेच वाचलेले. पर माझ्या तोंडातनं गेलंच, आत्याबाई, तुमची पोरं ह्याच दाराआड गेली.

तिनं दाराची पाठ सोडली. बगत ऱ्हायली, मग सरकली. मी कडी काडली, समदा धूर भायेर गेला, आन् शेजारीन खोकत वराडली.

आगटी इझल्यावर आत्याबाईनं सोन्याचा मनी तळहातावर घेतला, पुन्यांदा पुन्यांदा जोखला. कमी न्हाई गं, म्हनली. काईच कमी न्हाई. आन् मग गेलेल्या एकेका पोराचं नाव घेऊन रडली.

पोरगी जगली माजी, पर ह्ये ऱ्हायले न्हाईत. धंदा सुटला न्हाई, खानार काय? आगटी आता घोडपदेवाकडं मोकळ्यात नेते. तिकडं धूर कुनाच्या दारात जातो, देवाला ठावं. तुमच्या हातात पाटल्या हायेत बाई, लाभू द्या तुमाला. आमच्या हातनं निगालेलं सोनं कुनाला तरी लाभू द्या.