अण्णांचं पिस्तूल

हसू नका, पण इथे बहरीनमध्ये राहून मी एक पिस्तूल घेतलंय. खेळण्यातलंच. त्याचं असं झालं, आमचे अण्णा रत्नागिरीला पोलिसात जमादार होते. हल्ली त्यांना घरची माणसंसुद्धा ओळखू येत नाहीत, पण फोनवर मला रोज एकच विचारतात, "माझं पिस्तूल कुठं ठेवलंस?"

इथल्या जुफैर भागातल्या एका दुकानात त्या जुन्या पिस्तुलाची स्वस्तातली नक्कल दिसली, आणि मी घेऊन टाकली. पण तिची मूठ चकचकीत, काळी. अण्णांच्या पिस्तुलाची मूठ लाकडी होती. आमच्या कंपनीतले सुतार इस्माईलभाई राजापूरचे. त्यांनी सागाचे दोन तुकडे घासून नवी मूठ बसवून दिली आणि विचारलं, "सगळं खरं, पण हे विमानातनं नेणार कसं?"

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि रजा तरी कुठे मंजूर झाली होती? शेवटी शुक्रवारी व्हिडिओ कॉल लावला आणि पिस्तूल कॅमेऱ्यासमोर धरलं.

अण्णा कितीतरी वेळ त्या मुठीकडे बघत राहिले. मग खुर्चीत ताठ बसले आणि थेट माझ्याकडे बघून म्हणाले, "ड्यूटी संपली ना तुझी, बाळ्या? मग ते चौकीत जमा कर आणि सरळ घरी ये. आई जेवायची थांबल्ये."

कित्येक महिन्यांनी त्यांनी मला नावानं हाक मारली होती.

"निघालोच, अण्णा," मी म्हटलं.

त्याला आता चार महिने झाले. रजा अजून मंजूर व्हायचीय.