काचेच्या धाग्यांचा कट्टा

आमच्या नव्या कट्ट्यावरून तात्या कसे उठले, ते ऐकाच.

माझा थोरला भाऊ, दादा, गवंडी होता. तो जाऊन अजून तीन महिनेही झाले नाहीत. वळसंगच्या घरापुढं त्याच्या नावानं एक कट्टा बांधायचा आणि त्याला कधी तडा जाऊ द्यायचा नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सोलापुरातला दुकानदार म्हणाला, "काँक्रीटमध्ये हे काचेचे बारीक धागे टाक, तडे जात नाहीत. पण सिमेंटच्या पोत्याला मूठभरच."

दादासाठी मूठभर? मी अख्खी पिशवी ओतली.

कट्टा दणकट झाला. फक्त वर कोकराच्या अंगावर असते तशी पांढरी लव राहिली. मला ती छानच वाटली.

पहिले बसले आमचे चुलते, तात्या, पातळ धोतर नेसून. दादाच्या आठवणी काढता काढता त्यांची चुळबुळ सुरू झाली.

"आरं, हितं मुंग्या हायत्या की काय?"

"मुंग्या न्हाईत तात्या, काच हाय."

"काच? आन् मला वर बसवलास व्हय रं?"

तात्या खाजवत अंगणभर फिरले. मग शेजारपाजारचे लोक बसले, तेही उठले. दादाच्या नावाचा कट्टा, आणि त्यावर कुणी टेकेना! मला रडूच यायला लागलं. मी लव घासायला दगड आणला, तर आईनं हात धरला.

"ऱ्हाऊ दे की. कामावर आसताना त्यानं तरी कुणाला बसू दिलं व्हतं?"